शेवंतीचा पान्हा आणि रखमाजीची फटफटी

"इंजिन म्हंजे काय रं? लोखंडाची हंडी! वरनं झाकान, आत दट्ट्या! त्याला मेस्त्री कशापायी पायजे?"

रखमाजीनं हे अवसरी बुद्रुकच्या डेअरीपुढं, संध्याकाळच्या भर रांगेत सांगितलं आणि वर मांडीवर थाप मारली. डेअरीच्या रांगेत बोललेलं माघारी घेता येत नाही. तिथं नासलेलं दूध परत देतात, बोलणं परत देत नाहीत.

"मंग खोल की रविवारी!" मागून कुशाबा म्हणाला. कुशाबा रखमाजीचा शेजारी. घरची मेंढरं विकून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण हाकायची सवय गेली नव्हती. आता तो माणसं हाकायचा.

"खोलतो!"

"आन् बांधशील?"

"खोलनाऱ्याला बांधता येत न्हाई व्हय? पायजम्याची नाडी रोज सोडतो आन् बांधतोच की मी!"

रांग हसली. हसता हसता माप घेणाऱ्या दादाभाऊनं रखमाजीची किटली उघडून आत पाहिलं. किटली कोरडी ठणठणीत!

"नाना, ह्यात काय मापू? वारा?"

रखमाजीनं किटलीत पाहिलं, दादाभाऊकडं पाहिलं, आणि "पाय मोकळं करायला आलतो," असं म्हणून तो घराकडं वळला.

खरी गोम त्या रिकाम्या किटलीत होती. घरी शेवंती नावाची म्हैस होती. म्हशीला दूधही होतं. पण ती म्हैस रखमाजीची नव्हती, प्रयागबाईची होती. प्रयागबाई म्हणजे रखमाजीची बायको. मागच्या पौषात गेली. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात गेली ती दोघं, परत आला तो एकटा. त्यावर रखमाजी जास्त बोलत नसे.

फटफटी होती जुनी टू-स्ट्रोक. मुलगा सूरज पाळण्यात होता तेव्हा घेतलेली. आहुप्याचा चढ डबलशीट चढलेली! रोज संध्याकाळी रखमाजी तिच्यावरून प्रयागबाईला मळ्यातून घरी आणायचा. गाडी अंगणात शिरली की प्रयागबाई उतरायची, हिरव्या लुगड्याचा पदर खोचायची, हात धुवायची आणि थेट गोठ्यात. वर्षानुवर्षं हाच क्रम. त्यामुळं झालं काय, गाडीचा आवाज वेशीवर आला की इकडं शेवंतीची कास भरून यायची. मालकीण आली!

मालकीण गेल्यावर शेवंतीनं संपच केला. रेडकाला पाजायची, पण बादली दिसली की पान्हा चोरायची. सून स्नेहलनं गूळ चारला, पेंड चारली, मोबाईलवर गाणी ऐकवली. शेवंतीनं गाणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग लाथ मारली. मग एका संध्याकाळी रखमाजी मळ्यातून एकटाच गाडीवर आला, तर गोठ्यात शेवंती हंबरायला लागली आणि तिच्या सडांतून आपोआप दूध टपकायला लागलं!

तेव्हापासून रखमाजी रोज संध्याकाळी रिकामाच फाट्यापर्यंत जायचा आणि फटफट करत माघारी यायचा. आवाज आला की स्नेहल बादली घेऊन बसायची. गावाला वाटायचं, म्हातारा हवा खायला जातो. म्हैस बायकोची वाट बघते, हे डेअरीच्या रांगेत कसं सांगायचं? आणि वेशीत गाडी वळवताना आपणही आरशातून मागच्या सीटकडं एकदा बघून घेतो, हे तर त्यानं स्नेहललाही सांगितलं नव्हतं.

आणि अशी ती गाडी बंद पडली! आधी महिनाभर खोकली, मग चढावर दम टाकायला लागली, आणि शेवटी फाट्यावरच बसली. किक मारून मारून रखमाजीची पोटरी सुजली.

सूरज चाकणला कंपनीत. तो हिशेबाचा माणूस. "आण्णा, सोमवारी बेल्ह्याचा बाजार हाय," तो म्हणाला. "टेम्पो सांगून ठेवतो. दूध न देनारी म्हैस किती दिवस पोसायची?"

"सोमवारच्या आत गाडी चालू करतो!"

"न्हाई झाली तर?"

"न्हाई झाली तर ने," रखमाजी म्हणाला. म्हणाला खरा, पण त्या रात्री हातातली भाकरी त्यानं शेवंतीलाच नेऊन चारली.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसानं गाडी मेस्त्रीकडं टाकावी. टाकली होती ना! कळंबला हायवेलगत जालिंदरचं गॅरेज. रखमाजी गाडी ढकलत घेऊन गेला. जालिंदरनं लांबूनच गाडीकडं पाहिलं, किकही न मारता कमरेवर हात ठेवले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तसं सांगितलं, "नाना, इंजिन खोलावं लागंल."

"कवा देशील?"

"देतो की!"

"आरं पन कवा?"

"देतो म्हनलं ना राव! इस्वास न्हाई का?"

रखमाजीनं गॅरेजच्या मागं नजर टाकली. तिथं एका मोटारसायकलवर दोडक्याचा वेल चढला होता. चढला होता एवढंच नाही, हँडलला दोन दोडके लोंबत होते!

"आन् आवाज असा करून देतो," जालिंदर रंगात आला, "गाडी शेजारी उभी ऱ्हायली तरी कळनार न्हाई!"

हे ऐकून मात्र रखमाजी सावध झाला. आवाज बदलला तर राहिलं काय? त्यानं गाडीचं हँडल धरलं आणि ती तशीच माघारी ढकलत आणली. पैशाचा प्रश्नच नव्हता. त्या दोडक्यांचा होता, आणि आवाजाचा होता.

अशा रीतीनं तो डेअरीच्या रांगेत मांडीवर थाप मारायच्या योग्यतेला पोचला.

रविवार उजाडला. कांदे साठवायच्या बराखीजवळ रखमाजीनं ताडपत्री अंथरली. स्नेहलनं मोबाईलवर व्हिडिओ लावून पाट्यावर उभा करून दिला. व्हिडिओतला माणूस हातात पांढरे मोजे घालून म्हणाला, "नमस्कार दोस्तो! इंजन खोलना बहुत आसान है!"

"ऐकलंस?" रखमाजी म्हणाला. "भौत आसान!"

आणि खरोखरच आसान होतं! नट फिरत गेले, बोल्ट निघत गेले. झाकण निघालं, ब्लॉक निघाला, दट्ट्या निघाला. पिस्टनच्या पिनेचं इवलंसं लॉक तर न सांगताच निघालं. 'टिंग' करून हवेत उडालं आणि दिसेनासं झालं.

"मामा, कोंबडीनं टिपलं वाटतं!"

"कोनत्या?"

"तांबड्या. न्हाई... काळ्या!"

मग दोघं काळ्या कोंबडीमागं धावले. कोंबडी बराखीवर चढली. तिथून ती दोघांकडं अशी बघत होती, जशी काही इंजिन तिनंच बनवलंय. शेवटी रखमाजीनं तिचा नाद सोडला आणि कामाला लागला. दुपारपर्यंत ताडपत्रीवर इंजिन असं पसरलं होतं, जसं लग्नात रुखवत मांडतात. येणारा-जाणारा थांबायचा, बघायचा, मान हलवायचा.

"छान मांडलंय," कुशाबा येऊन म्हणाला. "आता बांध."

"बांधतो. स्नेहल, लाव पुढचं!"

स्नेहलनं मोबाईलवर बोट फिरवलं. परत फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मामा, बांधायचा व्हिडिओच न्हाई वो."

"म्हंजे?"

"'पार्ट टू जल्द आयेगा' म्हनलंय त्यानं. खाली लोकांनी वर्षापूर्वी इचारलंय, 'भैया, पार्ट टू कब आयेगा? मेरा इंजन बाल्टी में पडा है.'"

रखमाजीनं ताडपत्रीकडं पाहिलं. सकाळी हे सगळं एकाच गाडीत बसलं होतं यावर आता त्याचाच विश्वास बसेना. कुशाबानं टोपी सारखी केली आणि "चालू झाली की हाक मार," असं म्हणून बातमी हाकायला गावात गेला.

"मामा, मी कळंबला जाते," स्नेहल म्हणाली. "जालिंदरभाऊंना स्कूटीवर बसवूनच आनते. तुमी कशाला हात लावू नका!"

ती गेली. सूरज टेम्पोवाल्याला भेटायला मंचरला गेला होता. घरात कुणी नाही. उन्हं कलली. आणि गोठ्यात शेवंती हंबरली.

ती रोजची वेळ होती. शेवंतीची कास तटतटली होती. ती वेशीकडं कान लावून उभी होती आणि थोड्या थोड्या वेळानं मान वळवून अंगणात बघत होती. रखमाजी दारात बसला होता. त्याला ते बघवेना.

"न्हाई येनार," तो म्हणाला. "किती बघशील?"

शेवंती बघतच राहिली.

मग रखमाजी उठला. घरात गेला, ट्रंक उघडली आणि प्रयागबाईचं हिरवं लुगडं बाहेर काढलं. आमच्याकडं हे काही नवल नाही. बाईच्या हाताला लागलेलं जनावर गडीमाणसाला अंगाला हात लावू देत नाही, म्हणून घरची बाई माहेरी गेली की गडी अंगावर लुगडं घेऊनच धारेला बसतात. घराघरांत होतं, सांगत कुणी नाही. पण रखमाजीनं नुसतं अंगावर घेतलं नाही, अर्धंमुर्धं नेसला. लुगड्याला अजून तिच्या तंबाखूच्या मिस्रीचा वास होता. त्यानं तो एकदा नीट घेतला, टोपीवरून पदर घेतला आणि बादली उचलली.

राहिला आवाज. गाडी तर ताडपत्रीवर!

रखमाजी घरामागं गेला. इकडंतिकडं पाहिलं. कुणी नाही. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"डुर्रर्रर्र... टक् टक् टक्... डुर्रर्रर्र!"

एवढी वर्षं त्या गाडीच्या आवाजाला कान लावून बसलेला माणूस! पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, वेशीतला खड्डा आला तिथं 'धडक् धडक्' केलं. गाडी मधेच कोंडायची, खोकायची, तेही सोडलं नाही. नक्कल करायची तर इमानानं! लुगड्याचा घोळ हातात धरून तो घराला वळसा घालून धावत अंगणात आला आणि गोठ्यापाशी ब्रेक मारला.

शेवंतीनं कान ताठ केले. हंबरली. आणि पान्हा सोडला!

रखमाजी गपकन खाली बसला आणि धार काढायला लागला. मात्र तोंड थांबलं की सडही थांबायचे. म्हणून 'डुर्रर्र, डुर्रर्र' चालूच ठेवावं लागलं. गाडी उभी, इंजिन चालू.

नेमका त्याच वेळी कुशाबाच्या कानावर आवाज गेला. "आयला, म्हाताऱ्यानं बांधली की!" म्हणत तो धावत आला. अंगणात बघतो तर इंजिन ताडपत्रीवर सुटं पसरलेलं, आणि फटफटीचा आवाज तर येतोय! अंधारून आलेलं. गोठ्यात हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, शेवंतीच्या कासेला बसलेली...

 कुशाबा मागच्या मागं असा पळाला, की टोपी अंगणात, एक वहाण दारात आणि दुसरी थेट गल्लीत!

"पर्यागवयनी आली! वयनी आली! फटफटीवर आली!"

अवसरीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बघता बघता अंगण भरलं. पुढं व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कुशाबाची बायको तुकाबाई पुढं झाली. ती प्रयागबाईची जिवाभावाची. तिनं डोळे बारीक करून गोठ्यात पाहिलं.

"येडं कुठचं! ती पर्यागा न्हाई. त्यो रखमाभावजी हाय. मिशा दिसत्यात!"

"मंग लुगडं?"

"म्हंजे अंगात आली आसंल!"

"आसंलच!" सगळे म्हणाले.

रखमाजीला सगळं ऐकू येत होतं. 'आरं मीच हाय,' असं ओरडावंसं वाटत होतं. पण माणसाचा आवाज काढला की शेवंती पान्हा चोरणार, आणि बादली अजून अर्धीच! सकाळी टेम्पो. त्यानं दात आवळले आणि गिअर बदलला. "डुर्रर्रर्र!"

कुणीतरी हळद-कुंकू आणलं. तुकाबाईनं गोठ्याच्या दारातूनच हात जोडले. "पर्यागे, माझं पितळी पातेलं न्हेलंवतंस, ते कुठं ठिवलं गं?"

"डुर्र... टक् टक्!"

"काय म्हनली?"

"माळ्यावर म्हनती," कुशाबानं मागून अर्थ सांगितला. तो आता अनवाणी आणि भक्तिभावानं उभा होता.

"बया! मला वाटलंच!" मग तुकाबाई जरा थांबली. पदर तोंडाशी नेला. आवाज एकदम खाली आला. "पर्यागे... सुखात हाईस का गं?"

 रखमाजीचे हात थांबले. पाठीमागून बघणाऱ्यांना नुसता पदर दिसत होता.  मग हळूहळू, गाडी उतारावर न्यूट्रल सोडल्यासारखा, लांबलचक आला, "डुर्र... र्र... र्र..."

तुकाबाईनं डोळे पुसले. आणखी दोन-तीन बायांनी पुसले. शेवंतीनं मात्र मागचा पाय आपटला. थांबू नका!

एवढ्यात सूरज मंचरहून आला. गर्दी सारून पुढं झाला, बापाला पाहिलं, बादलीतला फेस पाहिला आणि जागीच थिजला.

"इचार रं पोरा, आईला इचार," कुशाबानं त्याला पुढं ढकललं.

"आ... आई," सूरज अडखळला. चाकणच्या कंपनीत असला प्रसंग कधी आला नव्हता. "टेम्पो... नको म्हनून सांगू का?"

रखमाजीनं उरलंसुरलं सगळं बळ एकवटलं आणि टॉप गिअर टाकला. "डुर्रर्रर्रर्र!! डुर्रर्रर्रर्र!!"

"नको म्हनती," अख्ख्या अंगणानं एका सुरात सांगितलं. सूरजनं तिथल्या तिथं फोन लावला.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. स्नेहलच्या मागून जालिंदर उतरला आणि अंगणाबाहेरच हात वर करून उभा राहिला.

"गप बसा सगळी! आवाज ऐकू द्या! वयनी, तुमी तर म्हनला गाडी खोललीय? ही तर चालू हाय!" त्यानं कान टवकारले, डोळे मिटले. "कोंडतोय... ऐका, मधीच कोंडतोय! खोकतोय! सायलेन्सरची जाळी काजळीनं चोंदलीय, दुसरं कायबी न्हाई. जाळी काढून चुलीत भाजायची, झाडून बसवायची. झालं! मी नानांना पहिल्याच दिवशी म्हनलो व्हतो, इंजिनला हात लावायचं कामच न्हाई!"

असं म्हणत तो ऐटीत आत शिरला आणि त्याचा पाय ताडपत्रीवर पडला. त्यानं खाली पाहिलं. पिस्टन, ब्लॉक, नटबोल्टांचं रुखवत. त्यानं कान दिला. आवाज चालूच! जालिंदर पांढराफटक पडला.

"इंजिन... हितं... मंग आवाज कुठनं...?"

बादली काठोकाठ भरली होती. रखमाजी उभा राहिला, पदर डोक्यावरून खाली सरकला, आणि टोपी उतरवून त्यानं घाम पुसला. टोपीच्या घडीतून काहीतरी 'टिंग' करून फरशीवर पडलं. पिस्टनचं लॉक! बराखीवरच्या काळ्या कोंबडीची अब्रू वाचली.

"आरं, मीच हाय! रखमा!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तवापास्नं मीच हाय!"

तुकाबाईनं लगेच हात जोडले. "गेली बाई पर्यागा."

कुशाबा म्हणाला, "गेली न्हाई! फटफटीवर आली व्हती, फटफटी हितंच बंद झाली, चालत कशाला जाईल?"

रखमाजीनं मग समजावायचा नादच सोडला. आणि खरं सांगायचं तर तुकाबाईला दुसऱ्या दिवशी पातेलं सापडलं. माळ्यावरच!

जालिंदरनं तिथंच, अंगणात बसून गाडी बांधली. गॅरेजला न्यायची गोष्ट त्यानं काढली, तेव्हा रखमाजी फक्त "दोडकं" एवढंच बोलला. जाळी चुलीत भाजली, झाडली, बसवली. पहिल्या किकेत गाडी चालू! आवाज कसा, तर गुळगुळीत, लोण्यासारखा.

"ऐका नाना! हाय का कुठं खरखर?"

रखमाजी फाट्यापर्यंत गेला आणि माघारी आला. शेवंतीनं गोठ्यातून अंगणात पाहिलं. कुणीतरी परका पाहुणा आला असावा, अशा चेहऱ्यानं तिनं तोंड फिरवलं आणि वैरण खायला लागली.

रखमाजी हळूच जालिंदरला म्हणाला, "जरा पयल्यासारखी बिघडव की."

"बिघडवायचं आपुन शिकलो न्हाई, नाना!"

"मंग इतकी वर्सं काय करत व्हतास रं?"

आता ती गाडी सूरज वापरतो. शेवंती गोठ्यात आहे, बेल्ह्याचं नाव कुणी काढत नाही. संध्याकाळी उन्हं कलली की रखमाजी हिरवं लुगडं नेसतो, घराला वळसा घालतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये अंगणात शिरतो. प्रयागबाई जन्मभर म्हणायची, "गाडीपरीस तुमचं त्वांडच जास्त वाजतंय!" तेव्हा त्याला फार राग यायचा. हल्ली वळसा घालताना ते आठवलं की त्याला हसू येतं आणि गाडी मधेच बंद पडते. परत किक मारावी लागते.

डेअरीच्या रांगेत आता किटली भरलेली असते. फक्त दादाभाऊ रोज माप घेताना न चुकता विचारतो,

"नाना, ॲव्हरेज काय बसतंय?"

"एका कप चहात एक बादली!"